माळावरचें तण व त्याची ओळख

"तण खाई धन" ही शेतकऱ्याची म्हण खोटी नाहीं. परंतु ती शेताची म्हण आहे, माळाची नव्हे. पिकांत उगवलें म्हणजे जें तण ठरतें, तेंच बांधापलीकडे गायरानांत गुरांचा चारा, घरची भाजी किंवा जखमेवरचें औषध होतें. ज्यांनीं लहानपणीं दख्खनच्या माळावर गुरें राखिलीं, त्यांस हें ठाऊक आहे. त्यांच्या नातवंडांस तें ठाऊक नाहीं, आणि ह्या अज्ञानानें होणारी हानि केवळ आठवणींची नाहीं.

प्रथम कुसळी गवत घ्या. कोवळें असतां गुरें तें आवडीनें खातात. पावसाळा सरल्यावर मात्र त्यास कुसळें येतात. मग तें गुरांच्या तोंडास बोंचतें, मेंढ्यांच्या लोकरींत शिरतें व आपल्या धोतरास चिकटतें. आम्ही गुराखी पोरें एखादें वाळलेलें कुसळ तळहातावर ठेवून त्यास थुंकी लावीत असूं. ओलावा लागतांच त्याची पिळलेली शेपटी उलगडूं लागे, व कुसळ आपोआप फिरे. आम्हांस तो खेळ वाटे. पण त्या गवताची पेरणी तीच होय. दहिंवरानें शेपटी उलगडते, उन्हानें पुन्हा पिळते, आणि ह्या फिरण्यानें टोंकदार बीं मातींत रुततें. टोंकाजवळ मागें वळलेले केंस असल्यामुळें तें सहसा परत वर येत नाहीं.

टाकळा, ज्यास कित्येक ठिकाणीं तरोटा म्हणतात, त्याकडे गुरें ढुंकूनहि पाहत नाहींत. पण पहिल्या पावसाबरोबर उगवणाऱ्या त्याच्या कोवळ्या पानांची भाजी गरिबांच्या घरीं होत असे, व अद्यापि होते. सायंकाळीं त्याचीं पानें जोडीजोडीनें मिटतात. तीं मिटूं लागलीं म्हणजे आम्ही गुरें घराकडे वळवीत असूं. विळा लागला तर एकदांडीचा पाला चुरून जखमेवर दाबावयाचा, हेंहि तेथेंच शिकलों. ही एकदांडी मूळची अमेरिका खंडांतली आहे. तेव्हां बाहेरून आलेलें प्रत्येक तण वाईटच, असें समजूं नये.

परंतु त्याच खंडांतून आलेल्या गाजर गवताची गोष्ट निराळी आहे. १९५६ च्या सुमारास पुण्याच्या परिसरांत त्याची शास्त्रीय नोंद झाली, आणि पुढील कांहीं दशकांत तें देशाच्या बहुतेक भागांत पसरलें. गाजरासारखीं पानें व बारीक पांढरीं फुलें ह्यांवरून तें ओळखतां येतें. एका मोठ्या झाडास १०,००० हून अधिक बिया येतात, आणि ओल मिळेल तेव्हां त्या वर्षांतून केव्हांहि उगवतात. गुरें तें टाळतात. भुकेनें खाल्लेंच तर दूध कडवट होतें. जेथें तें माजतें तेथें चाऱ्याचें गवत मागें हटतें. सर्वांत अधिक त्रास खुरपणीस जाणाऱ्या बायांस होतो. हातांस व मानेस खाज सुटून कातडी जाड होते, आणि परागांमुळें कित्येकांस दमा जडतो. रोजंदारी बुडेल म्हणून त्या बोलत नाहींत, व मालकहि विचारीत नाहीं!

१९८४ सालीं मेक्सिकोहून आणलेले भुंगेरे बंगळूर येथें सोडण्यांत आले. पावसाळ्यांत ते ह्या गवताचीं पानें खाऊन फस्त करतात. पण पाऊस गेल्यावर त्यांचा जोर राहत नाहीं, म्हणून सगळा भार त्यांजवर टाकतां येत नाहीं. जमीन ओली असतां, फुलें येण्यापूर्वीं, हें गवत मुळासकट उपटावें. हातांस जाड कापड किंवा रबरी मोजे असावेत, व ज्यांस पूर्वीं खाज झाली आहे त्यांनीं ह्या कामास जाऊंच नये. फुलावर आलेलें गवत खताच्या खड्ड्यांत टाकूं नये. तें खत शेतांत बियाच नेईल.

मोकळी झालेली जागा तशीच ठेवली तर तेंच पुन्हा उगवतें. येथें आपला दुर्लक्षित टाकळा उपयोगीं पडतो. दाट वाढला म्हणजे तो गाजर गवतास डोकें वर काढूं देत नाहीं. मात्र तो रस्त्याच्या कडेस व पडीक जागीं टाकावा. चांगल्या कुरणांत किंवा शेतांत नव्हे. पावसाळ्यानंतर त्याच्या लांबट शेंगा वाळतात. मुलांस घेऊन त्या वेंचाव्या, बीं मडक्यांत कोरडें ठेवावें, आणि मृगाच्या आधीं त्यांच्याच हातून पसरावें. उपटण्याचें काम मात्र मुलांस देऊं नये.