घराजवळचं महागडं सुपरमार्केट परवडतं का? वहीत मांडून बघा

होटगी रोडला, सात रस्त्याजवळ किंवा जुळे सोलापुरात तुमच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर काचेच्या दारांचं, थंडगार सुपरमार्केट असेल, तर तिथं सामान भरावं की नाही हे शेजारणीला विचारून कळत नाही. तिची यादी वेगळी, तुमची वेगळी. चला, तुमच्याच यादीवर हिशोब मांडू. टेबलावर एवढंच घ्या: एक वही, एक निळं आणि एक लाल पेन, फोनमधलं कॅल्क्युलेटर आणि मागच्या महिन्याचं किराण्याचं बिल.

१. वहीच्या पानावर पाच रकाने पाडा: वस्तू, वजन, किराणा दुकान, मंडई, सुपरमार्केट. डी-मार्टला जायची सवय असेल तर सहावा रकाना त्याला द्या. रकाने रुंद ठेवा. भावाशेजारी कंपनीचं नाव लिहायला जागा लागतेच.

२. बिल समोर ठेवून घरात महिन्याभरात खरोखर संपणाऱ्या वस्तू निळ्या पेनानं लिहा. तूरडाळ, साखर, चहा, तेल, शेंगदाणे, पोहे, साबण, टोमॅटो, कोथिंबीर, दही, असं सगळं. जपून: ‘एकदा आणून बघू’ अशी एकही वस्तू या पानावर नको. सगळा हिशोब इथंच बिघडतो.

३. पोत्यानं भरता ते वर्षाचं धान्य यादीतून खोडा. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघाली की तुमच्या घरी मंगळवेढ्याची मालदांडी पोत्यानं येत असेल, तर तिची एक किलोच्या पाकिटाशी तुलना करूच नका. २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर ५ टक्के जीएसटी असतो, सुट्यावर नसतो. पाकिटाचा खर्च वेगळाच. पोतं घेत नसाल तर मात्र ज्वारी किंवा तिचं पीठ यादीत राहू द्या.

४. नेहमीच्या किराणा दुकानात जाऊन प्रत्येक वस्तूचा किलोचा भाव विचारा. ‘एवढ्याचं सामान कितीला पडेल?’ असं विचारू नका, एक-एक भाव घ्या. माल घरपोच येतो का, न फोडलेलं पाकीट परत घेतात का, तेही समासात लिहून ठेवा. हे पैशात दिसत नाही, पण शेवटी उपयोगी पडतं.

५. सुपरमार्केटला जाणार त्याच दिवशी सकाळी लक्ष्मी मंडईत किंवा कस्तुरबा मंडईत, जी जवळ पडेल तिथं, भाजीचे भाव घ्या. एका दिवसाच्या फरकानं टोमॅटोचा भाव कुठल्या कुठं जातो, म्हणून दिवस एकच हवा. मंडईत भाव बहुतेक वेळा पाव किलोचा सांगतात; तिथंच चारनं गुणून लिहा.

६. मंडईतली कोथिंबीर-मेथीची जुडी घरी आणून वजन करा, सुपरमार्केटातली तिथंच तोलून बघा. मंडईतली जुडी दांडगी, सुपरमार्केटातली बारीक असू शकते. जुडीशी जुडी तोलली तर फसाल. ग्रॅमशी ग्रॅम तोला.

७. पोटभर जेवून घ्या. उपाशीपोटी गेलात तर नजर फरसाण-बिस्किटांच्या फळीवरच जाते.

८. सुपरमार्केटमध्ये ट्रॉली किंवा बास्केट न घेता शिरा. आज काहीही विकत घ्यायचं नाही, फक्त लिहायचं. एप्रिल-मे महिन्यात दुपारी एक वाजता जाणं टाळा. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश असतात, आत गारवा. पाय निघत नाही आणि हात रिकामे राहत नाहीत.

९. पाकीट उलटून निव्वळ वजन लिहा. समोर मोठ्या अक्षरात नाव असतं, वजन मागे बारीक असतं. किलोचं वाटणारं पाकीट ८५० ग्रॅमचं निघतं, अर्ध्या किलोचं ४५०चं. आकारावर विश्वास ठेवू नका.

१०. त्याच पाकिटाची विक्रीची किंमत लिहा. फळीवरच्या पट्टीवर नेमकी याच वस्तूची, याच वजनाची किंमत आहे ना, हे बघा; शेजारच्या वस्तूची पट्टी सरकलेली असते.

११. आता किलोचा भाव काढा: किंमत भागिले ग्रॅम, गुणिले हजार. समजा, ८५० ग्रॅमची डाळ १३६ रुपयांना आहे, तर किलो पडला १६० रुपयांना. पाकिटावर एमआरपीजवळ प्रतिग्रॅम किंवा प्रतिकिलो दरही छापलेला असतो, पण तो एमआरपीवरून काढलेला. सवलतीत मिळत असेल तर पुन्हा भागाकार करा.

१२. तेलाला वेगळं पान द्या. इथं भले भले चुकतात, म्हणून सावकाश चला. पिशवीतलं तेल लिटरवर असतं, आणि एक लिटर म्हणजे सुमारे ९१० ग्रॅम. दुकानात किंवा घाण्यावर सुटं शेंगतेल किलोवर मिळतं. म्हणजे १८२ रुपयांची एक लिटरची पिशवी किलोला २०० रुपयांना पडली! पिशवीची किंमत ०.९१ नं भागा की किलोचा भाव मिळतो. डब्याचंही तसंच: १५ लिटरच्या डब्यात साधारण साडेतेरा किलो तेल असतं, १५ किलोच्या डब्यात पूर्ण पंधरा. डबा घ्यायच्या आधी त्यावर लिटर लिहिलंय की किलो, हे बोट ठेवून वाचा. आणि शेंगतेल शेंगतेलाशीच तोला, सोयाबीनशी नाही.

१३. ज्वारीच्या पिठाच्या पाकिटावरची पॅकिंगची तारीख वाचा. सोलापूरकरांना हे सांगायला नको, पण दुकानात गडबडीत विसरतं: जुनं पीठ थापताना भाकरी चिरते, तव्यावर टाकताना तुटते. तारीख जुनी असेल तर भाव कितीही गोड असो, तिथं फुली मारा. आठवड्यापुरती ज्वारी गिरणीतून दळून आणलेली बरी.

१४. शेंगाचटणीच्या डबीचा भाव किलोवर काढा. शंभर ग्रॅमच्या छोट्या डबीची किंमत दहानं गुणली की डोळे उघडतात. घरी उखळ किंवा खलबत्ता असेल तर शेजारी भाजक्या शेंगदाण्याचा, लसणाचा आणि तिखटाचा खर्च मांडा. चटणीच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे: ही डबी सोलापुरात कुणी सुपरमार्केटातून घेऊ नये.

१५. घरी येऊन प्रत्येक ओळीत सर्वांत कमी भावाला गोल करा. गोल करण्याआधी प्रत सारखी आहे का बघा. बासमतीची कोलमशी तुलना होत नाही.

१६. दही, पनीर, लोणी, गोठवलेला मटार यांच्यापुढे चांदणी काढा. घराजवळच्या सुपरमार्केटचा खरा फायदा इथं आहे. उन्हाळ्यात लांबून आणलेलं पनीर रस्त्यातच घामेजतं. पाच मिनिटांच्या अंतरावरून आणलेलं थेट फ्रीजमध्ये जातं. दोन-चार रुपये जास्त गेले तरी इथं चालतील.

१७. सुपरमार्केटच्या रकान्यातल्या गोलांची आणि चांदण्यांची वेगळी चिठ्ठी करा. वही सोबत नेऊ नका. अख्खी यादी समोर असली की सगळंच तिथून घ्यावंसं वाटतं.

१८. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी आणि कापडी पिशवी घेऊन खरेदी करा. पिशवी विसरलात तर तिचे पैसे वेगळे मोजावे लागतात, आणि ते बचतीतूनच जातात.

१९. काउंटरवर स्क्रीनकडे लक्ष ठेवा. फळीवर एक आणि बिलात दुसरी किंमत दिसली तर तिथल्या तिथं विनम्रपणे थांबवा. घरी येऊन भांडण्यात अर्थ नाही. मोबाइल नंबर द्यायची बळजबरी दुकानदारानं करू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२३ मध्ये कळवलं आहे. एमआरपीपेक्षा जास्त पैसे लावले आणि दुकान ऐकेना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा.

२०. घरी बिल पसरून चिठ्ठीत नसलेल्या वस्तूंखाली लाल रेघ ओढा. लेकरानं टाकलेलं चॉकलेटही धरा. आपल्याच घरातला हिशोब आहे, लपवू नका.

२१. लाल रेघांची बेरीज करा.

२२. चिठ्ठीतल्या वस्तूंवर किराणा दुकानाच्या किंवा मंडईच्या तुलनेत किती वाचले ते काढून त्यातून ही लाल बेरीज वजा करा. चांदणीच्या वस्तूंवर जादा गेलेले रुपये इथं धरू नका, ते आपण समजून दिलेत.

२३. उत्तर बघून ठरवा. पैसे उरले तर महिन्यातून एकदा चिठ्ठी घेऊन जा. उणे आलं तर तिथून फक्त चांदणीच्या वस्तू आणा. बाकी माल किराणा दुकानातून येऊ द्या, कारण समासात लिहिलेलं घरपोच आणि परतीचं सुख तिथं आहे. भाजीसाठी मात्र उत्तर काहीही आलं तरी मंडई सोडू नका: टोमॅटो हातात घेऊन निवडता येतो आणि सकाळचा माल सकाळी मिळतो.

२४. पान फाडू नका, तारीख टाकून ठेवा. दिवाळीची यादी करताना हेच पान काढून भाव पुन्हा भरा. तोवर निम्मे भाव बदललेले असतील आणि गोल दुसऱ्या रकान्यात गेलेले दिसतील.