न आलेल्या अटॅकचा रिपोर्ट

१. गोळी लागू पडतेय की नाही, हे अंगाला कधीच कळत नाही. तापाची गोळी घेतली की घाम फुटतो, पैसे वसूल. कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन घेतल्यावर काही म्हणता काही होत नाही. मुळात आधी तरी कुठे काय दुखत होतं? एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १७८ असतानाही मी जीटीबी नगर स्टेशनचा पूल धाप न लागता चढायचो. ते ८२ झालं तरी तसाच चढतो. "मग उपयोग झाला हे कशावरून?" असं डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "न आलेल्या अटॅकचा रिपोर्ट निघत नसतो, काका." वाद घालायची खुमखुमी मला पुष्कळ, पण यापुढे बोलायला काही उरलंच नाही.

२. कोळंबी बिचारी फुकट बदनाम झाली. रिपोर्ट आला त्या दिवशी घरात फर्मान सुटलं, "आता कोलंबी शिजनार नाय!" शीव कोळीवाड्यात जन्म काढलेल्या माणसाला ही काळ्या पाण्याची शिक्षा. फाळणीनंतर इथे आलेल्या पंजाबी निर्वासितांनी मसाला लावून तळलेल्या कोळंबीला आमच्या वस्तीचं नाव मिळालं आणि ते पार परदेशातल्या हॉटेलांपर्यंत गेलं. आणि आम्ही मात्र घरात दुधी खात बसलेलो. कोळंबीत कोलेस्टेरॉल असतं, हे खरंच आहे. पण रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं, आणि एलडीएल वाढवण्यात खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा तूप, लोणी, डालडा यांच्यातल्या चरबीचा हात मोठा. तसली चरबी कोळंबीत नावाला असते. अमेरिकेच्या आहार-मार्गदर्शिकेनेही दिवसाला ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची जुनी मर्यादा २०१५च्या आवृत्तीत काढून टाकली. डॉक्टरांनी कोळंबीचं नावही घेतलं नाही. त्यांनी विचारलं, "संध्याकाळी चहाबरोबर काय घेता?" खारी. बटर. कधी फरसाण. प्रत्येक शब्दागणिक माझा आवाज खाली जात होता. आता घरात कोळंबीचं कालवण पुन्हा होतं. तळलेली क्वचित, आणि तीही कढईतलं तेल ताजं आहे ना, हे बघून.

३. माझी गोळी ज्या स्टॅटिन घराण्यातली, त्याचा जन्म बुरशीतून झाला, हे कळल्यावर मी तांदळाच्या डब्याकडे जरा आदराने बघू लागलो. अकिरा एन्डो नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने हजारो बुरश्या तपासल्या आणि १९७३ साली क्योटोच्या तांदळावरच्या निळसर बुरशीत पहिलं स्टॅटिन सापडलं. यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणारी साखळी ते मधेच अडवतं. मग यकृताला तुटवडा भासतो आणि ते रक्तातलं एलडीएल जास्त जोराने खेचून घेऊ लागतं. म्हणजे रक्त साफ करण्याचं काम गोळी करत नाही, यकृत करतं. बाजारात पहिलं स्टॅटिन आलं ते १९८७ साली, अमेरिकेत.

४. दुष्परिणामांची यादी मोबाइलवर वाचली आणि रात्रीपर्यंत माझ्या पोटऱ्या दुखायला लागल्या. स्नायूंची इजा दाखवणारं सीपीके तपासलं, नॉर्मल. आदल्या दिवशी नातवंडांच्या मागे शीवच्या किल्ल्यावर चढलो होतो, हे बायकोने डॉक्टरांसमोरच सांगितलं. लंडनच्या संशोधकांचा एक प्रयोग २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी दिली, काही महिने नकली, काही महिने काहीच नाही. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास, त्याच्या ९० टक्के नकलीवरही! दुखणं खोटं नव्हतं, फक्त त्यातलं बहुतेक औषधातून येत नव्हतं. अर्थात काही थोड्यांच्या स्नायूंना खरोखरच इजा होते. अंगातलं बळ गेलं, लघवी काळपट झाली, तर तिथे मनाचे खेळ म्हणून थांबायचं नाही, ताबडतोब डॉक्टर गाठायचा.

५. डोस म्हणजे हुद्दा नव्हे. आमच्या नाक्यावर मात्र तसाच हिशेब चालतो. "तुझी दहाची? माझी चाळीसची!" म्हणणारा जणू सिनियर. गंमत अशी, की डोस दुप्पट केला तरी एलडीएल जेमतेम सहा टक्क्यांनी आणखी उतरतं. मोठा पल्ला पहिल्या डोसातच गाठलेला असतो. म्हणून पुढे गरज पडली तर आतड्यातून होणारं कोलेस्टेरॉलचं शोषण रोखणारं एझेटिमाइब जोडीला देतात.

६. रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी बंद करणारे आमच्या घरातच दोन निघाले. दोघांचेही आकडे काही आठवड्यांत मूळ पदावर. चांगला रिपोर्ट गोळीमुळेच होता, हे सांगायला कोणी धजावेना, कारण एक मेहुणे आहेत.

७. माझी गोळी सकाळची की रात्रीची, यावर घरात परिषदा झाल्या. सिम्व्हास्टॅटिनसारख्या जुन्या औषधांचा असर लवकर उतरतो आणि यकृताचा कारखाना रात्री जोरात चालतो, म्हणून ती झोपताना घ्यायची. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन कधीही चालतं. मी दात घासल्यावर घेतो, म्हणजे विसरत नाही.

८. सगळ्यात कठीण रुग्ण धाकटा मुलगा. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०२४ची मार्गदर्शिका सांगते, की पहिली तपासणी अठराव्या वर्षीच करावी, आणि घराण्यात लवकर हृदयविकार आलेला असेल तर त्याही आधी. हा पंचविशीचा. "मला काय धाड भरलीय?" हे त्याचं पालुपद. मग त्याला कळलं, की साध्या लिपिड तपासणीला आता उपाशीपोटी जायची सक्ती नाही. शनिवारी मेदूवडा-सांबार हाणून, ढेकर देतच लॅबमध्ये गेला.