वाट आणि वहिवाट

फ्रान्स देशाचे नाव निघाले, की आपल्या डोळ्यांपुढे पॅरिसचा आयफेल मनोरा उभा राहतो. फार तर आल्प्स पर्वताची हिमाच्छादित शिखरे दिसू लागतात. परंतु कोणत्याही देशाची खरी ओळख केवळ राजधानीत किंवा गिरिशिखरांवर होत नसते. ती खेड्यापाड्यांत, शेतांच्या बांधांवर आणि तेथून जाणाऱ्या साध्या पाऊलवाटांवर होते. मुलांनो, आज आपण अशाच काही वाटांनी, मनाने का होईना, पायी चालत जाणार आहोत.

फ्रान्सच्या उत्तरेस, बेल्जियमच्या सीमेलगत तिएराश नावाचा एक मुलूख आहे. येथे अवघड घाट नाहीत की खोल दऱ्या नाहीत. संथ सागरावर लाटा उठाव्यात, तशी जमीन हळूच वर चढते आणि हळूच खाली उतरते. पाऊस थोडाथोडा, पण बारमाही पडतो. त्यामुळे कुरणे सदैव हिरवीगार असतात आणि त्यांत गाई निवांत चरत असतात. या गाईंच्या दुधापासून 'मारवाल' नावाचे चीज करतात. ते चौकोनी असते, त्याची साल तांबूस असते आणि त्याचा वास इतका उग्र, की नवखा माणूस प्रथम नाक मुरडतो. पण एकदा चव घेतली, की पुन्हा हात पुढे करतो! मारवाल हे मुळात जवळच्याच एका गावाचे नाव. तेथील मठात राहणाऱ्या साधूंनी सुमारे एक हजार वर्षांपूर्वी हे चीज करण्यास प्रारंभ केला, असे सांगतात.

या मुलुखातील कुरणांना दगडी गडगे क्वचितच दिसतात. त्यांच्या कडेने झाडाझुडपांची जिवंत कुंपणे असतात. ओक, अ‍ॅश यांसारखे मोठे वृक्ष आणि त्यांच्या मधूनमधून काटेरी झुडपे, अशी त्यांची दाट वीण असते. हे कुंपण गुरांना अडवते, वाऱ्याचा जोर मोडते, पावसाचे पाणी मुरवते आणि शेतकऱ्याला सरपण पुरवते. जुन्या झाडांच्या ढोलीत आपल्याकडील पिंगळ्याच्या जातीचे एक लहानसे घुबड घरटे करते. दोन कुंपणांच्या मधून जी अरुंद वाट जाते, ती पाहून कोणाही मराठी माणसाला आपल्या गावची पाणंद आठवल्याशिवाय राहणार नाही. शतकानुशतकांच्या गाडीच्या चाकांनी, गुरांच्या खुरांनी आणि पावसाच्या ओहळांनी अशी वाट कित्येक ठिकाणी शेताच्या पातळीहून खाली गेलेली असते. दोन्ही बाजूंची झाडे वर एकमेकांस भेटतात आणि वाटसरूच्या मस्तकावर हिरवे छत धरतात.

आपल्या प्रवासाचा प्रारंभ आपण ग्वीझ या वाझ नदीकाठच्या लहानशा शहरापासून करू. येथून इर्सों या गावापर्यंत सुमारे ४० किलोमीटर लांबीचा एक मार्ग जातो. एके काळी तो आगगाडीचा मार्ग होता. पुढे गाड्या बंद झाल्या आणि रूळ काढून टाकण्यात आले. परंतु त्या मार्गाचे रान होऊ न देता लोकांनी त्यावरून पायी व सायकलीने जाण्यास सुरुवात केली. आगगाडीला चढण सोसत नाही. म्हणून हा मार्ग मुळातच सपाट आखलेला होता. आज त्यावरून आजीआजोबाही नातवंडांचे बोट धरून सुखाने चालू शकतात. बाजूला वाझ नदी वळणे घेत वाहत असते. मार्गावरून थोडे बाजूस वळले, की एखादी पाणंद लागते आणि ती आपल्याला कोणत्या तरी खेड्यात घेऊन जाते.

अनोळखी मुलुखात वाट चुकण्याची भीती वाटते ना? त्यावर फ्रान्समधील लोकांनी एक सोपी युक्ती काढली आहे. झाडाच्या बुंध्यावर, दगडावर किंवा खांबावर ते रंगाचे लहान पट्टे ओढतात. लांब पल्ल्याच्या वाटेवर वर पांढरा आणि त्याखाली तांबडा, असे दोन आडवे पट्टे असतात. त्यांचा अर्थ, 'आपण योग्य वाटेवर आहात.' वळण आले, की पट्ट्यांच्या खाली बाण दिसतो. आणि पांढऱ्या व तांबड्या रंगांची फुली दिसली, तर समजावे, की ही आपली वाट नव्हे; मागे फिरावे. गावाच्या परिसरातील लहान वाटांसाठी बहुधा पिवळा पट्टा वापरतात. ही खूण वाचण्यास फ्रेंच भाषा यावी लागत नाही!

लांब पल्ल्याच्या अशा वाटांची पहिली खूण १९४७ साली लवार नदीच्या काठी, ओर्लेआँ शहराजवळ रंगविण्यात आली. महायुद्ध नुकतेच संपले होते. देश थकलेला होता. अशा वेळी ज्यां ल्वाझो आणि त्यांचे सहकारी यांनी गावागावांच्या जुन्या वाटा एकमेकींना जोडण्याचे काम हाती घेतले. आज संपूर्ण फ्रान्समध्ये खुणा केलेल्या वाटांची लांबी दीड लाख किलोमीटरांहूनही अधिक आहे. त्या नीट राखण्याचे काम बव्हंशी पगारी नोकर करीत नाहीत. हजारो सामान्य नागरिक सुट्टीच्या दिवशी हातात कोयता, कात्री आणि रंगाचा डबा घेऊन निघतात. माजलेली काटेरी झुडपे छाटतात आणि फिकट झालेले पट्टे पुन्हा रंगवितात.

चालता चालता आपण विमी या गावी येतो. येथील प्रार्थनामंदिर पाहून आपण क्षणभर थबकतो. हे देवाचे घर की किल्ला, असा प्रश्न पडतो. तांबड्या विटांच्या भक्कम भिंती, दोन्ही बाजूंस जाडजूड गोल बुरूज आणि भिंतींत बंदुकीसाठी ठेवलेल्या अरुंद जंग्या! आत तर विहीर आहे, शेकोटीच्या जागा आहेत आणि पाव भाजण्याची भट्टीही आहे. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत हा मुलूख दोन राज्यांच्या सीमेवर होता. फ्रान्स आणि स्पेन यांच्या फौजा येथून वारंवार जात असत आणि जाताना खेडी लुटीत असत. खेड्यांना तटबंदी नव्हती. तेव्हा गावकऱ्यांनी आपल्या मंदिरालाच गढीचे रूप दिले. सैन्य येत असल्याची वर्दी मिळताच बायकामुले, म्हातारीकोतारी माणसे आणि शक्य तेवढे दाणे घेऊन सारे गाव तेथे आश्रयाला जाई. तिएराशमध्ये अशी तटबंदीची मंदिरे गावोगावी आढळतात. प्लोमियों, ब्यूरेल, पारफोंदव्हाल या गावांतील मंदिरेही अशीच आहेत.

मुलांनो, येथे क्षणभर डोळे मिटून विचार करा. ज्या वाटेने आज आपण पक्ष्यांचे गाणे ऐकत, रानातील फळे तोडीत चाललो, त्याच गावच्या वाटांनी एके काळी एखादी आई लेकरू उराशी धरून मंदिराकडे धावत गेली असेल. वाट बदलली नाही. तिच्यावरचे भय मात्र गेले. शांततेचे सुख म्हणजे काय, हे अशा वाटेवर जितके कळते, तितके ते ग्रंथातून कळत नाही.

परंतु शांततेच्या काळातही या वाटांवर एक संकट आले. ते तलवार घेऊन आले नाही. नांगर घेऊन आले. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये जमिनीच्या लहान लहान तुकड्यांची जोड करून मोठी शेते करण्यात आली. ट्रॅक्टर फिरण्यास सलग जमीन हवी होती. या बदलामुळे धान्याचे उत्पन्न वाढण्यास साहाय्य झाले, हे नाकारता येत नाही. परंतु त्यासाठी अनेक ठिकाणी जुनी कुंपणे उपटली गेली आणि त्यांच्यासोबत पाणंदीही नाहीशा झाल्या. पक्ष्यांची घरटी गेली, पाणी अडविणारे बांध गेले आणि पायी जाणाऱ्याची वाटही गेली.

येथे एक शब्द ध्यानात ठेवण्यासारखा आहे. तो म्हणजे वहिवाट. एखादी वाट लोकांनी सतत वापरणे, म्हणजे तिची वहिवाट चालू असणे. फ्रान्समधील गावरस्ते बहुधा गावाच्या मालकीचे असतात. जोपर्यंत लोक त्यावरून ये-जा करतात, तोपर्यंत तो रस्ता सर्वांचा. पण वहिवाट थांबली, की रीतसर चौकशी करून तो विकण्याची मुभा गावाला मिळते. म्हणजे ज्या वाटेवरून कोणीच जात नाही, ती वाट एक दिवस कोणाच्या तरी शेतात विरून जाण्याचा संभव असतो. १९८३ साली तेथे एक कायदा झाला. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्याने पायवाटांची यादी करावी, असे ठरले. यादीतील वाट मोडावयाची झाल्यास तिच्या बदल्यात दुसरी योग्य वाट देणे आवश्यक असते. अर्थात, कायदा कागदावर असतो. वाट जमिनीवर असते. कागदाचे बळ जमिनीवर उतरावयाचे, तर त्यासाठी माणसांची पावले लागतात.

म्हणूनच तिएराशच्या हिरव्या पाणंदीतून सहज फिरावयास निघालेला मनुष्य केवळ स्वतःची करमणूक करीत नसतो. कुरणाचे फाटक उघडून आत गेल्यावर तो ते आठवणीने पुन्हा लावून घेतो. पिकात पाऊल टाकीत नाही. शेतात काम करणाऱ्याला नमस्कार करतो. आणि त्याच्या नकळत तो आणखी एक काम करीत असतो. आजोबांनी तुडविलेली वाट तो नातवासाठी उघडी ठेवीत असतो.

सायंकाळ होत आली. मंदिराचा बुरूज मावळत्या उन्हात तांबडा दिसू लागला. गाई गोठ्याकडे वळल्या. आपलीही सफर येथे संपली. उद्या सकाळी शाळेत येताना पायाखालच्या वाटेकडे एकदा नीट पाहा. ती कोणी पाडली, तिच्यावरून कोण कोण गेले, आणि ती कोणामुळे टिकून राहिली आहे, हे घरातील वडील माणसांना अवश्य विचारा.

स्वाध्याय

१. तिएराशमधील जिवंत कुंपणांचे कोणते उपयोग लेखकाने सांगितले आहेत?

२. गावकऱ्यांनी आपल्या मंदिरांना गढीचे रूप का दिले?

३. 'कायदा कागदावर असतो; वाट जमिनीवर असते.' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

४. तुमच्या परिसरातील एखाद्या जुन्या वाटेची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.