उपवास आणि हृदय

संकष्टी चतुर्थीची सकाळ. घरातील वडीलधारी स्त्री देवपूजा आटोपून बसली आहे. रक्तदाबाची गोळी समोर आहे. पण ती घ्यावी की नाही, हे तिला ठरवता येत नाही. घेतली तर उपवास मोडणार तर नाही ना? असा प्रसंग कदाचित तुमच्याही घरी घडला असेल. उपवासाचा हृदयाशी आणि रक्तवाहिन्यांशी कोणता संबंध आहे, ते या पाठात आपण पाहू. त्या स्त्रीच्या प्रश्नाकडे शेवटी येऊ.

अन्न मिळाले नाही, की शरीर प्रथम यकृतात साठवलेली शर्करा वापरते. हा साठा साधारणपणे अर्धा ते एक दिवस पुरतो. तो संपत आला, की चरबी जाळून ऊर्जा मिळवली जाते. या काळात रक्तातील इन्सुलिनचे प्रमाण उतरते. इन्सुलिन उतरले, की मूत्रपिंडे अधिक मीठ आणि पाणी बाहेर टाकतात; रक्तदाब थोडा खाली येतो आणि हृदयावरील भार हलका होतो.

लंडनमध्ये रमजानचे रोजे पाळणाऱ्या ८५ जणांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. महिनाभराच्या रोज्यांनंतर त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी ७ अंकांनी कमी आढळला, आणि ही घट केवळ वजन उतरल्यामुळे झालेली नव्हती. ग्रीसमधील क्रीट बेटावर वेगळाच प्रकार दिसतो. तेथील सनातनी ख्रिस्ती लोक वर्षातील निम्म्याच्या आसपास दिवस व्रताचे पाळतात. पण ते उपाशी राहत नाहीत, तर मांस, दूध, अंडी वर्ज्य करतात. व्रत करणाऱ्या ६० आणि न करणाऱ्या ६० जणांची वर्षभर तुलना करणारा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात व्रत करणाऱ्यांचे कोलेस्टेरॉल व्रतकाळाच्या अखेरीस सुमारे साडेबारा टक्क्यांनी कमी आढळले. अर्थात, नेमाने व्रत करणारा माणूस इतर बाबतींतही संयमी असू शकतो. म्हणून सारे श्रेय उपवासाला देताना जपून बोलावे लागते. तरीही क्रीटच्या उदाहरणातून एक गोष्ट स्पष्ट होते : किती वेळ उपाशी राहिलो, याइतकेच काय खाल्ले, यालाही महत्त्व आहे.

येथेच आपला उपवास अडचणीत येतो. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उगीच रूढ झालेली नाही. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस, चार वाजता वेफर्स आणि रात्री पुन्हा तळलेले वडे, असा दिवस गेला, तर इन्सुलिन उतरायला उसंतच मिळत नाही. साबुदाणा म्हणजे कसावा या कंदाचा जवळजवळ शुद्ध पिष्टमय भाग. त्यात प्रथिने आणि तंतू नावापुरतेच. तो खाल्ला, की रक्तातील साखर वेगाने चढते. शेंगदाण्याचे कूट त्याला थोडा आधार देते खरे. पण तूप आणि बटाटा सढळ हाताने पडला, की तो आधार पुरत नाही. (गंमत अशी, की कसावा, बटाटा आणि भुईमूग ही तिन्ही पिके मूळची दक्षिण अमेरिकेतील. आपल्या जुन्या व्रतांच्या ताटात ती फार उशिरा आली.) त्यापेक्षा राजगिरा, वरी, ताक, काकडी आणि फळे अधिक सोसवणारी.

उपवासाला चालते म्हणून सैंधव मीठ मनसोक्त वापरणारेही पुष्कळ आहेत. नाव वेगळे असले, तरी तेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच. रक्तदाबाच्या रुग्णाने त्यालाही तेवढेच जपावे. उपवास सोडतानाची घाईही नडते. दिवसभर रिकाम्या राहिलेल्या पोटात चंद्रोदयानंतर एकदम भरपेट, तुपकट जेवण गेले, की पचनासाठी आतड्यांकडे अधिक रक्त पाठवावे लागते आणि हृदयाचे काम वाढते. ज्याच्या हृदयाच्या धमन्या आधीच अरुंद झाल्या आहेत, त्याच्या छातीत अशा वेळी दुखू लागते. निर्जळी उपवासाचा धोका आणखी वेगळा आहे. उन्हाळ्यात पाणीही वर्ज्य केले, की रक्त घट्ट होते, चक्कर येते. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो.

आता त्या गोळीकडे वळू. हृदयाचे ठोके संथ ठेवणारी काही औषधे अचानक थांबवली, तर हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. धमनीत स्टेंट बसवलेला असताना रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी चुकवणे धोक्याचे असते. उलट, मधुमेहाची काही औषधे जेवणाशिवाय घेतली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. म्हणजे एकाच दिवशी एक गोळी चुकवता येत नाही आणि दुसरी नेहमीसारखी घेता येत नाही. हा हिशेब घरच्या घरी, अंदाजाने करण्यासारखा नाही.

धर्माची आडकाठी मात्र येथे नाही. व्रत ज्यांनी मोडत नाही अशा आठ गोष्टी धर्मशास्त्रात सांगितल्या आहेत. त्यांत पाणी, कंदमुळे, फळे व दूध यांच्याबरोबर औषधही आहे. कुराणातही आजारी माणसाला रोज्यातून सूट आहे. तेव्हा त्या स्त्रीने रक्तदाबाची गोळी घोटभर पाण्याबरोबर खुशाल घ्यावी. मधुमेहाचीही गोळी चालू असेल, तर पुढच्या संकष्टीआधी आठवडाभर डॉक्टरांकडे जावे, उपवास कधी सुरू होतो आणि चंद्रोदय किती वाजता आहे हे सांगावे, आणि कोणती गोळी केव्हा व किती घ्यायची ते कागदावर लिहून घ्यावे.