विजेच्या सायकलीची बॅटरी कशी निवडावी?



पंपाची लाईट रात्रीची असली की उसाला दारे धरायला अंधारात मळा गाठावा लागतो. त्यासाठी विजेवरची सायकल घ्यावी काय, असे बरेच सभासद आम्हांला विचारतात. जरूर घ्यावी, पण रंग बघण्याआधी बॅटरी बघावी.

आपल्या भागाला ही गोष्ट अगदीच नवी नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी २००० सालाच्या सुमारास विजेवरची सायकल-रिक्षा तयार केली होती. तिला शिशाची बॅटरी होती. आज तीन प्रकार मिळतात.

१) शिसे-आम्ल : स्वस्त, आणि जुनी झाली तरी मोडीत पैसे देते. पण ३६ व्होल्ट, १२ अँपिअर-तासांचा संच सुमारे १२ किलो भरतो. साधारण ३०० ते ५०० वेळा चार्ज होते. उतरलेली तशीच ठेवली तर प्लेटांवर क्षार धरून निकामी होते. आम्ही स्वतः गळीत हंगामाच्या धावपळीत दोन महिने ती तशीच ठेवली आणि घालवून बसलो.

२) निकेल-मँगेनीज-कोबाल्ट लिथियम : सर्वांत हलकी. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची अंदाजे ३ किलो. ५०० ते १००० वेळा चार्ज होते. मात्र उष्णता कमी सोसते.

३) लोह-फॉस्फेट लिथियम (एलएफपी) : थोडी जड, घेताना महाग. पण दीड-दोन हजार वेळा चार्ज होते, आणि पेट घेण्याचा धोका तुलनेने कमी.

आता हिशेब करू. समजा, शिशाची बॅटरी ६,००० रुपयांना मिळाली आणि ३०० वेळा चार्ज झाली, तर एका वेळेला २० रुपये पडले. एलएफपी १६,००० ला घेतली आणि १,६०० वेळा चालली, तर १० रुपये. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. दुकानातला भाव घालून आपण करून बघा.

पल्ल्याचाही हिशेब सोपा आहे. ३६ गुणिले १० म्हणजे ३६० वॉट-तास. पायडल मारत गेल्यास किलोमीटरला सुमारे १२ वॉट-तास लागतात, म्हणजे ३० किलोमीटर. मागे वैरणीचा भारा असला तर कमी धरा.

जत, आटपाडी, माण, खटावकडचे ऊन आणि दिवसभर बांधावर उभी राहणारी सायकल पाहता आमची शिफारस एलएफपीची आहे. बॅटरी रोज माडीवर न्यावी लागत असेल तर दुसरा प्रकार चालेल. पल्ला थोडा आणि हात आखडता असेल, तरच शिशाची.

हे मात्र पाळा :

• चार्जर त्याच बॅटरीचा वापरा. दुसऱ्या प्रकाराचा चार्जर लिथियमला कधीही लावू नका.
• उन्हातून आल्यावर बॅटरी निवू द्या, मग चार्ज करा.
• गोठ्यात, पाचटाजवळ, गंजीशेजारी किंवा झोपण्याच्या खोलीत चार्ज करू नका.
• फुगलेली बॅटरी वापरू नका, फोडूही नका; विक्रेत्याकडे परत द्या.

बेणे पारखून घेतो तशीच बॅटरीही पारखून घ्या. पावती आणि हमीपत्र घेतल्याशिवाय दुकान सोडू नका.

— ऊस विकास अधिकारी