परिचारकाचे शौच आणि वैद्याचे दायित्व

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाच्या चार गुणांत शौचाची गणना आहे. आजच्या चिकित्सालयात हे शौच प्रत्यक्ष सांभाळतात ते सफाई कामगार. त्यांना आपण परिचारक मानतो काय, याचा विचार करण्यास एका प्रसंगाने आम्हांस भाग पाडले.

भंडारा जिल्ह्यातील आमच्या लहानशा चिकित्सालयात काही वर्षांपूर्वी विद्धकर्मानंतरची सुई कापसासोबत केराच्या टोपलीत गेली. टाकणारे आम्हीच होतो. सफाई करणाऱ्या मावशींनी टोपलीतील केर हाताने दाबला आणि सुई बोटात शिरली. त्यांनी पदराने बोट पुसले, घरी जाऊन हळद लावली व दुसऱ्या दिवशी सहज सांगितले, "सुई साफच होती जी, रक्त नव्हतं दिसत." त्याच दिवशी आम्ही त्यांना सरकारी रुग्णालयात नेले. पुढील तपासण्या निर्दोष निघाल्या. परंतु ते सहा महिने त्यांच्या घरात आणि आमच्या मनात स्वस्थता नव्हती.

मावशींची समजूत सरळ होती : डोळ्यांना दिसते तीच घाण. वस्तुतः लस न घेतलेल्या व्यक्तीस हिपॅटायटिस-बी बाधित सुई टोचल्यास संसर्गाची शक्यता 30 टक्क्यांपर्यंत असते, एच.आय.व्ही.बाबत ती सुमारे 0.3 टक्के आहे. हे त्यांना सांगणे आमचे काम होते आणि ते आम्ही केले नव्हते.

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, 2016 आयुष रुग्णालये व दवाखान्यांनाही लागू आहेत. त्यानुसार वर्गीकरण असे :

1. पिवळी पिशवी : रक्त-पू लागलेला कापूस व पट्ट्या, जलौकावचरणातील रक्ताळलेले बोळे, कालबाह्य औषधे.
2. लाल पिशवी : हातमोजे, सुईविरहित सिरिंज, बस्तीकर्मातील रबरी नळ्या.
3. पांढरा, न भोसकला जाणारा डबा : सुया, ब्लेड, क्षारसूत्रातील धारदार साधने.
4. निळी खूण असलेला खोका : औषधांच्या काचेच्या कुप्या, फुटकी काच.

हे वर्गीकरण कचरा निर्माण होतो तेथेच, म्हणजे आपल्याच हातून झाले पाहिजे. मिसळलेला कचरा सफाई कामगाराकडून निवडून घेणे हाच खरा धोका होय. औषधालयमालकांनीही फुटलेल्या बाटल्या साध्या केरात टाकू नयेत.

कामगारांस शिकविताना व्याख्यान देऊ नये. प्रत्येक वस्तू हाती दाखवावी, ती कोठे जाईल हे त्यांच्याकडून वदवून घ्यावे. जाड हातमोजे व बंद पादत्राणे द्यावीत. पिशवी तीन-चतुर्थांश भरताच बांधावी, दाबू नये. हिपॅटायटिस-बीच्या तीन मात्रा व धनुर्वाताची लस आपल्या खर्चाने द्यावी. कचरा 48 तासांपेक्षा अधिक काळ साठवू नये. परसात तणशीबरोबर तो जाळू नये. प्लास्टिकच्या धुरातून डायॉक्सिनसारखी विषे बाहेर पडतात. सिरिंज न कापता भंगारात देऊ नये. 2009 मध्ये गुजरातमधील मोडासा येथे पसरलेल्या हिपॅटायटिस-बीच्या साथीचा संबंध पुन्हा वापरलेल्या सिरिंजशी जोडला गेला होता, हे विसरता येत नाही.

सुई टोचल्यास जागा वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावी. पिळू नये, चोखू नये, हळद वा कोणताही लेप लावू नये. रुग्णास तत्काळ सरकारी रुग्णालयात पाठवावे, एच.आय.व्ही. प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू व्हावे लागते. घटनेची नोंद ठेवावी आणि टोचल्याचे सांगणाऱ्यास कधीही रागावू नये. रागाच्या भयाने लपविलेली जखम अधिक घातक ठरते.

निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी, असे आपण रुग्णांस नित्य सांगतो. आपल्या चिकित्सालयात ती पायरी सुई टाकणाऱ्या हातापासून सुरू होते.