आधी मागची बाजू बघ

अगं, काल रात्री तू पाठवलेला फोटो मी तीनदा बघितला. काळं कुळकुळीत, सतरा इंची, पाच जाड काड्यांचं मॅगव्हील. देखणं आहे, त्यात वाद नाही. पण खाली तू लिहिलंस, "ताई, उद्या ॲडव्हान्स देऊन टाकते," आणि माझी झोप उडाली. फोनवर घाईत सांगण्यासारखं हे नाही. आत्ता शाहूपुरीत दुकानाचं शटर अर्धंच उघडलंय, गिऱ्हाईक यायला तासभर आहे, तेवढ्यात तुझ्याशी नीट बोलून घेते.

तुझी हौस मला कळते. पोलो जीटी टीएसआय 2013 साली आली, 2022 मध्ये चाकणला पोलो बनणंच थांबलं. आता अशी जपलेली गाडी मिळणं म्हणजे नशीब. लहानसं टर्बो इंजिन आणि अंगाला घट्ट बसलेलं स्टिअरिंग. आपल्यासारख्यांच्या ऐपतीतली स्पोर्ट्स कार हीच. आणि आपण कोल्हापूरच्या मुली. कृष्णराज महाडिक, ध्रुव मोहिते यांच्यासारखे रेसिंगचे चालक ज्या गावानं दिले, तिथं गाडीचा नाद लागला तर त्यात नवल काय? म्हणून मी नको म्हणत नाही. फक्त चाक पुढून बघून घेऊ नकोस. आधी उलटं करून मागची बाजू बघ.

मी ही चूक केली आहे. पुण्यात नोकरीला असताना पहिल्या बोनसमधून स्विफ्टला मॅगव्हील घातले. एका दुकानात त्यांनी चार बोल्टचं माप जुळवलं, चाकं चढवली, फोटो काढला, झालं. नव्वदच्या पुढे गेलं की स्टिअरिंग हातात थरथरायचं. तीनदा बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केली, पैसे गेले, थरथर गेली नाही. दिवाळीला घरी आले तेव्हा बाबांनी एक चाक उतरवलं आणि मधल्या भोकात बोट घालून दाखवलं. स्विफ्टच्या हबचा गोल 54.1 मिलिमीटरचा, चाकाचं भोक 73.1 चं. सगळ्या बाजूंनी पोकळी. चाक हबवर टेकलेलंच नव्हतं, नुसत्या नटांच्या आधारानं लटकत होतं.

तेव्हा बाबा मला कुंभार गल्लीत घेऊन गेले होते. तिथल्या ओळखीच्या म्हाताऱ्या कुंभारकाकांचं चाक बघायला. ते खुंट्यावर बसलेलं. खुंटा आणि खाच एकमेकांना धरून असली की मडकं सरळ उठतं. जराशी ढिलाई आली की माती डगमगायला लागते. बाबा त्यावर एक शब्दही बोलले नाहीत. परत येऊन त्यांनी हब आणि भोकामधल्या त्या पोकळीत ॲल्युमिनियमच्या चार रिंगा घातल्या, आणि थरथर त्याच दिवशी थांबली.

तुझ्या पोलोचं माप आहे पाच बोल्ट, 100 चा पीसीडी, मधलं भोक 57.1. हे तीन आकडे पाठ कर. पीसीडी म्हणजे सगळ्या बोल्टांच्या केंद्रांतून काढलेल्या वर्तुळाचा व्यास. ऑक्टेव्हियाची चाकं पाच बोल्टचीच असतात, पण 112 ची. लांबून सारखी दिसतात, बसत नाहीत. कुणी म्हणालं, "नवीन भोकं पाडून देतो," तर तिथून उठून ये. मधलं भोक 57.1 पेक्षा लहान असेल तर चाक चढणारच नाही, त्यात धोका नाही. मोठं असेल तर ते आरामात चढतं, आणि खरी भीती त्याचीच. रिंग माग. प्लॅस्टिकची देतील, तू ॲल्युमिनियमची घे. ब्रेकच्या गरमीनं प्लॅस्टिक कधी मऊ पडेल सांगता येत नाही.

आता बोल्ट. हे कुणी सांगत नाही म्हणून मी मुद्दाम सांगते. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टचं डोकं खालून गोल असतं, चेंडूसारखं. बाजारातल्या बहुतेक मॅगव्हीलना निमुळतं, नरसाळ्यासारखं डोकं लागतं. गोल बोल्ट निमुळत्या खाचेत घातला तर तो एका बारीक कडेवरच टेकतो. पान्याला घट्ट लागतो, चालताना मात्र सैल होत जातो. तेव्हा चाकांबरोबर त्यांचेच बोल्ट घ्यायचे, आटे आणि लांबी तपासून. आणि जुने बोल्ट फेकायचे नाहीत! तुझी स्टेपनी कंपनीचीच आहे, तिला जुनेच लागणार. आंबा घाटात रात्री पंक्चर झालं आणि डिकीत स्टेपनी आहे पण तिला बसणारे बोल्ट नाहीत, असं तुझ्या बाबतीत होऊ नये.

ऑफसेट मात्र थोडा डोकं लावून समजून घे. चाकाच्या मागे ईटी आणि पुढे आकडा कोरलेला असतो. चाकाच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी बाजू किती मिलिमीटर बाहेर आहे, ते तो सांगतो. आकडा कमी झाला की चाक मडगार्डच्या बाहेर सरकतं. समज, आताचं चाक सहा इंच रुंद आणि ईटी 40 आहे, आणि तुला आवडलेलं सात इंची, ईटी 35 आहे. एक इंच वाढला, म्हणजे दोन्हीकडे साडेबारा मिलिमीटरच्या वर. त्यात ऑफसेटचे पाच बाहेरच्या बाजूला मिळवायचे. चाक बाहेर साधारण पावणेअठरा मिलिमीटर येणार आणि आत पावणेआठ जाणार. दुकानात गाडी उभी असताना काही घासणार नाही. मागं तिघं बसली, डिकीत सामान, आणि गाडी गतिरोधकावरून उतरली की टायर मडगार्डच्या कडेला लागतो. म्हणून नेहमी भरल्या गाडीनं, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघायचं.

टायरचं गणित सोपं आहे. तुझ्या गाडीला 195/55 आर16 आहेत. 195 चे 55 टक्के म्हणजे 107 मिलिमीटर, ही बाजूची भिंत. ती दुप्पट करून रिमचे 406 मिळवले की उंची सुमारे 621. सतरा इंचीत 205/45 घेतला तर 616, हा चालतो. तोच 205/50 आर17 घेतला तर 637, म्हणजे अडीच टक्क्यांनी मोठा. मीटरवर 100 दिसेल तेव्हा खरा वेग आधीपेक्षा अडीच किलोमीटरनं जास्त असेल, आणि मडगार्डमधली जागा कमी होईल ती वेगळीच.

पण माझं खरं म्हणणं त्या भिंतीबद्दल आहे. 107 वरून ती 92 वर येते. पंधरा मिलिमीटर ऐकायला काहीच नाहीत. आपल्याकडं पावसाळ्यात व्हीनस कॉर्नरला पाणी साचतं तेव्हा पाण्याखाली खड्डा आहे की रस्ता, हे कुणालाच दिसत नाही. 2019 आणि 2021 च्या महापुरानंतर मी दुकानात हेच बघत होते: बुटक्या भिंतीचे टायर, बाजूला लिंबाएवढी गाठ आलेले, आणि कडेला वाकलेले रिम. गाठ म्हणजे आतले धागे तुटलेले असतात. तो टायर पंक्चर काढून वाचत नाही, टाकूनच द्यावा लागतो. वाकलेला रिम ठोकून सरळ करून देणारे आहेत, पण ओतीव ॲल्युमिनियमला ठोकलं की बारीक भेग राहू शकते, आणि ती रंगाखाली दिसत नाही.

तू पावसात करूळ घाटानं कोकणात उतरतेस, मला माहीत आहे. त्या वळणांवर टायरनं पाणी बाजूला सारणं महत्त्वाचं. रुंद टायर कोरड्यावर चिकटून धरतो, पाण्यावर मात्र लवकर तरंगायला लागतो. म्हणून माझं ऐकशील तर सोळाच ठेव. सोळा इंची, वजनानं हलकं मॅगव्हील घे. दुकानातल्या काट्यावर ठेवून बघ, लाजू नकोस. चाक जितकं जड तितकं ते खड्ड्यातून वर यायला आळस करतं, आणि जीटीची जी चपळाई तुला आवडते तीच बोथट होते. वाचलेले पैसे टायरवर घाल. जमिनीला फक्त तेच टेकलेले असतात ना.

टायर घेताना आकारापुढचा आकडा वाच. 87 म्हणजे एक टायर 545 किलो उचलतो. त्याखालचा नको. बाजूवर चार आकडी शिक्का असतो. 2324 लिहिलं असेल तर तो 2024 च्या तेविसाव्या आठवड्यातला. जुना साठा स्वस्तात देतात, घेऊ नकोस. आयएसआयचा छाप बघ.

आणखी एक. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मापांपेक्षा वेगळा बदल चालत नाही, आणि विमावाले दावा आला की नेमकं तेच शोधतात. सोळा इंची, त्याच मापाचा टायर ठेवलास तर ही काळजीही बरीच मिटते. तरी चाकं बदलल्याचं विमा कंपनीला लेखी कळव.

चढवताना हवेच्या गननं बोल्ट करकचून आवळू देऊ नकोस. आधी हातानं फिरवायचे, मग टॉर्क पान्यानं 120 न्यूटन मीटर, समोरासमोरच्या क्रमानं. पन्नासेक किलोमीटर चालवून परत एकदा.

ॲडव्हान्स उद्या देऊ नकोस. रविवारी सकाळी गाडी घेऊन ये, तुझं एक चाक उतरवू, मागचे आकडे तुझ्या हातानं वहीत लिही, आणि ती वही घेऊन आपण दोघी मिळून त्या दुकानात जाऊ. आणि येताना डिकी रिकामी ठेव; जुन्या बोल्टांसाठी मी कापडी पिशवी शिवून ठेवली आहे.